पासपोर्ट कुठला ते आधी सांगा

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की मी तीन वर्षं जपानमध्ये जेट नावाच्या सरकारी एक्सचेंज प्रोग्रॅमवर होते, आणि त्या एका वाक्यावर एवढे मेल आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचंय, कसं जायचं, हाच सगळ्यांचा प्रश्न. नावं काढून टाकलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि हो, निम्म्या लोकांनी मार्क लिहिलेत, सर्टिफिकेटं लिहिलीत, फोटोसुद्धा पाठवलेत, पण पासपोर्ट कुठल्या देशाचा ते फक्त दोघांनी लिहिलंय. या धंद्यात सगळ्यात आधी तेच बघतात हो.

ताई, मी सांगलीची, वय २४. एमए इंग्लिश झालंय, एका ज्युनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. दहावीपर्यंत मराठी मीडियम. जपानच्या जेट प्रोग्रॅमचे व्हिडिओ बघून वेड लागलंय पण माझा ॲक्सेंट एकदम आपल्याकडचा आहे आणि जपानी शून्य. मला घेतील का?

ॲक्सेंटची काळजी आधी सोड. मी होते तेव्हा आमच्या जिल्ह्यात जमैकाची एक मुलगी होती, सिंगापूरचा एक मुलगा होता, एक दक्षिण आफ्रिकेचा होता, आणि एक स्कॉटलंडचा होता ज्याचं इंग्रजी आम्हा बाकीच्यांना पहिले दोन महिने कळतच नव्हतं. जपानी मुलांना वेगवेगळी माणसं भेटावीत म्हणूनच तर हा प्रोग्रॅम काढलाय. १९८७ला सुरू झाला तेव्हा चार देशांतून मिळून ८४८ लोक आले होते, आता दरवर्षी साडेपाच हजारांच्या वर लोक असतात, पन्नासच्या आसपास देशांतले, त्यातले निम्मे तरी अमेरिकन. आपल्याकडून जाणारे फार थोडे. पण दार उघडं आहे, अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत जातात आणि अर्जाला फी नाही, हे दोनदा वाच कारण पुढच्याच पत्रात पैशाचा विषय येणार आहे.

जेटमध्ये तीन प्रकारची कामं असतात. एक एएलटी, म्हणजे शाळेत जपानी इंग्रजी शिक्षकाच्या शेजारी उभं राहून शिकवायचं. दुसरं सीआयआर, म्हणजे नगरपालिकेत नाहीतर प्रीफेक्चरच्या, म्हणजे तिथल्या प्रांताच्या, ऑफिसात बसून भाषांतर, पाहुणे आले की दुभाषीपणा, गावातल्या लोकांसाठी आपल्या देशाबद्दल कार्यक्रम वगैरे. तिसरं खेळाडूंसाठी, ते सोडून दे. व्हिडिओत तुला जे दिसतं ते सगळं एएलटीचं असतं, नव्वद टक्क्यांच्या वर लोक तेच असतात. एएलटीला जपानी यावंच लागतं असं नाही, कुठल्याही विषयाची डिग्री चालते.

आता तुझ्या पत्रातलं जे वाक्य तू सहज लिहिलंस पण मी वाचताना तिथेच थांबले, ते म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियम. जपानच्या व्हिसाच्या नियमांत शाळेत परकी भाषा शिकवणाऱ्यासाठी अशी अट आहे की त्या माणसाचं किमान बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं. तुझा हिशोब कर, अकरावी-बारावी दोन, बीए तीन, एमए दोन, झाली सात. खाजगी कंपन्या ज्या शाळांना एएलटी पुरवतात त्या तर जाहिरातीतच हे लिहितात आणि शाळेचा दाखला मागतात. म्हणून दूतावासाचं माहितीपत्रक आलं की माध्यमाबद्दल त्यात काय म्हटलंय ते ओळ न् ओळ वाच आणि मगच त्यात जीव गुंतव. मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये, मराठी शाळेत शिकून एमए इंग्लिश केलेली पोर कॉन्व्हेंटवाल्यापेक्षा ग्रामर चांगलं समजावून सांगते हे मी डोळ्यांनी बघितलंय, पण व्हिसाच्या खिडकीत हे कोण ऐकणार.

पण यामुळे जपान संपलं असं अजिबात नाही. मी स्वतः गेले ती सीआयआर म्हणून. त्याला शाळेचं माध्यम नाही, जपानी बघतात, जपानी भाषेच्या परीक्षेतली साधारण एन२ किंवा त्याच्या वरची लेव्हल. आणि गंमत अशी की ऑफिसात बसवलं तरी आठवड्यातून एक दिवस मला शाळांत पाठवायचेच, कारण गावात परदेशी माणूस म्हणजे मी एकटी. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, तिसरी-चौथीलाही खेळ-गाणी या स्वरूपात असतं, त्यामुळे प्राथमिक शाळेच्या बाई कोणी इंग्रजी बोलणारं सापडतंय का हे शोधतच असतात. माझ्या पहिल्या तासाला एका पोराने इंग्रजी बिंग्रजी सगळं बाजूला ठेवून विचारलं की तुम्हाला एकोणीसपर्यंत पाढे येतात ना. तिकडे भारतीय गणिताचं फार कौतुक, मधे त्याची लाटच आली होती, दुकानात पुस्तकंच पुस्तकं. मग सतरा साते किती म्हणून विचारलं आणि मी अडकले. आजोबांनी पावकी-निमकी घोकून घेतली होती तीही आठवेना. मागून त्यांच्याच वर्गशिक्षिका म्हणाल्या, एकशे एकोणीस. तर सांगायचं म्हणजे तिथे तू इंग्रजीची मास्तरीण नंतर, आधी भारतातून आलेली बाई असतेस, आणि त्या तासाला ते काय विचारतील त्याची तयारी कुठल्याच कोर्समध्ये करून घेत नाहीत.

जपानी शून्यापासून एन२ म्हणजे नेटाने केलं तर दोन-अडीच वर्षं. तू २४ची आहेस, वेळ आहे. सांगलीत क्लास नसेल तर ऑनलाइन कर, परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते, पुण्यात सेंटर आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग म्हणजे पुणे-ओकायामा मैत्रीची बाग हे लोकांना फिरायला गेल्यावरही माहीत नसतं.

पैशाचंही विचारलंयस. एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार वाढवून साधारण ४० लाख २० हजार येन केलाय, आधी ३३ लाख ६० हजार होता. रुपयात वीस लाखांच्या वर जातं, पण त्यातून टॅक्स, विमा, पेन्शन कापतात, घरभाडं बहुतेक ठिकाणी आपलंच. जायचं-यायचं विमान ते देतात. कॉन्ट्रॅक्ट एकेक वर्षाचं, वाढवत वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षं. पेन्शनचे कापलेले पैसे परत आल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी मिळू शकतात, आमच्यातले दोघंतिघं आळशीपणाने ते घालवून बसले. आणि टोकियो डोक्यातून काढ. फॉर्मवर पसंती लिहिता येते पण बहुतेकांना मिळतं ते खेडं नाहीतर छोटं गाव, जिथे संध्याकाळी सहाला बस बंद होते. मला ते आवडलं. सगळ्यांना आवडतं असं नाही.

अजून एक दार तुझ्यासाठी आहे, ज्यात इंग्रजी शिकवायचंच नसतं. फुलब्राइट या अमेरिकन सरकारच्या स्कॉलरशिपचा एफएलटीए म्हणून प्रोग्रॅम आहे, त्यात इंग्रजीच्या तरुण शिक्षकांना अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत एक शैक्षणिक वर्ष नेतात आणि तिथल्या मुलांना हिंदी, उर्दू, बांगला अशी आपल्याकडची भाषा शिकवायला लावतात, बरोबर स्वतःलाही तिथले दोन-चार कोर्स करता येतात. वय २१ ते २९. एमए इंग्लिश आणि हातात शिकवण्याचा अनुभव, म्हणजे तू बसतेस. सीएचबी म्हणून लाज वाटून अनुभवाचं पत्र घ्यायचं टाळू नकोस, प्राचार्यांकडून आत्ताच लिहून घे, तासांची संख्या त्यात टाकायला लाव. व्हिसा जे-१, म्हणजे एक्सचेंजवाल्यांचा, असतो आणि त्यावर नंतर दोन वर्षं भारतात राहण्याची अट असते, हे घरी आधी सांगून ठेव, नाहीतर स्थळं बघणारे काका अमेरिकेतलाच मुलगा शोधून ठेवतील.

नाशिकहून एक वडील लिहितात. मुलगा बीकॉम, इंग्रजी फाडफाड बोलतो. एका एजंटने चीनमध्ये किंडरगार्टनला इंग्रजी शिकवायची नोकरी सांगितली आहे, पगार महिना दीड लाख, राहायला जागा. दोन लाख ऐंशी हजार मागतोय. आधी बिझनेस व्हिसावर जायचं, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो म्हणतो. मुलगा हट्टाला पेटलाय. काय करू?

नको. एवढंच उत्तर देऊन पुढे जाणार होते पण मुलाला दाखवायला काहीतरी हवं म्हणून लिहिते.

दादा, चीनमध्ये इंग्रजी शिकवायचा वर्क परमिट देताना पासपोर्ट इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा लागतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका हे नेहमीचे सात. वर डिग्री आणि दोन वर्षांचा अनुभव. आपला बीकॉम झालेला मुलगा यातल्या पहिल्याच अटीत बाहेर, मग तो कितीही फाडफाड बोलू दे. म्हणूनच एजंट बिझनेस व्हिसा म्हणतोय, त्याला हे सगळं माहीत आहे. काम करायचं तर झेड व्हिसा, म्हणजे तिथला कामाचा व्हिसा, इथूनच घेऊन जावा लागतो. तिथल्या २०१३च्या कायद्यात बेकायदा काम करताना सापडलं तर पाच ते वीस हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर धरलं तर पाच ते पंधरा दिवस कोठडी आणि दंड दोन्ही, शिवाय परत पाठवून देऊ शकतात. सापडतो तो मुलगा, एजंट नाही. आणि पगार थकवला तर कुठल्या तोंडाने तक्रार करणार, तो तर कागदावर तिथे कामालाच नाही.

पैशाचं बघा. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला आपल्या १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, त्याच्यावर एक रुपया नाही. दोन लाख ऐंशी हजार म्हणजे किती पट ते तुम्हीच काढा. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, तिथे त्याचं नाव शोधा, आणि त्याला नोंदणी नंबर विचारा. विचारल्यावर तो चिडला तर उत्तर मिळालंच. माझ्या ओळखीतल्या एका घराने असंच शेत गहाण टाकून पैसे भरले, मुलगा दोन महिन्यांनी परत आला, एजंटचं ऑफिस तोवर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान झालं होतं.

आणि चीन नाही म्हणालात की तो थायलंड म्हणेल, तर तेही सांगते. थायलंडमध्ये भारतीय शिक्षक खरोखर आहेत, पण डिग्री, टोइक नाहीतर आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर, शाळेचं पत्र आणि नॉन-इमिग्रंट बी व्हिसा या रस्त्याने गेलेले. टुरिस्ट म्हणून जा मग बघू, हे कोणी म्हणालं तर उठून या. २०२२ पासून आपलं सरकार वारंवार सांगतंय की थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून पोरांना म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मुलाला ओरडू नका. त्याच्याबरोबर बसून ई-मायग्रेट उघडा, त्याचं त्यालाच कळेल.

मी पुण्याचा, रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच केलं, बी२ लेव्हल झालीय. इंजिनिअरिंगची नोकरी सोडून एक वर्ष युरोपात काढायचंय. फ्रान्सला इंग्लिश असिस्टंट म्हणून जावं का स्पेनला? स्पॅनिश थोडंफार येतं, ड्युओलिंगोपुरतं.

वा, तुझ्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे जो बाकी कुणाकडेच नाही, भाषा. फ्रान्सच्या असिस्टंटशिपला भारतीयांना जाता येतं, अर्ज इथल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमार्फत. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला बारा तास सरकारी शाळेत, हातात महिना साधारण आठशे युरो. मुलांना ग्रामर शिकवायचं नसतं, त्यासाठी त्यांचे गुरुजी आहेत, तू लहान ग्रुप घेऊन बोलतं करायचं. बी२ला तू आरामात बसतोस, वयाची अट तेवढी तपास.

स्पेनमध्ये हेच काम, नाव आउक्सिलियार दे कोन्वेर्सासियोन. आठवड्याला बारा ते सोळा तास आणि महिना सातशे ते हजार युरो, कुठल्या भागात टाकतात त्यावर. तिथे अर्ज ऑनलाइन जातो, म्हणून अर्जाची विंडो उघडली की त्याच दिवशी बसायचं, आईने जेवायला हाक मारली तरी उठायचं नाही.

दोन्हीकडे विमानाचं तिकीट आपलं, घर आपणच शोधायचं, आणि पहिले पैसे हातात पडायला वेळ लागू शकतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा खर्च खिशात घेऊन जा. इंजिनिअरच्या पगाराशी तुलना करू नकोस, रडायला येईल. आठशे युरोत पॅरिसमध्ये फक्त खोली मिळेल, जेवण नाही. छोट्या गावात मात्र निभतं, फ्रान्समध्ये भाड्याला सरकारी मदतसुद्धा मिळू शकते, काफ नावाचं ऑफिस ती देतं, तिथे अर्ज पोचल्या पोचल्या टाक. मी तुझ्या जागी असते तर फ्रान्स. बारा तास काम म्हणजे उरलेला आठवडा तुझा, आणि तो आठवडा गावातल्या लोकांशी बोलण्यात जाणार आहे, तिथे बी२ आणि ड्युओलिंगो यात फार अंतर आहे रे. एकटेपणा हा या नोकरीतला सगळ्यात मोठा खर्च आहे, पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही.

नोकरी सोडायच्या आधी बिनपगारी रजा विचारून बघ. सात महिनेच आहेत. नाही म्हणाले तर मग सोड.

मडगावहून विचारतायत. बीए इंग्लिश, बीएड, चार वर्षं हायस्कूलला शिकवतेय. साउथ कोरियाला जायचंय. आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो, घरचे म्हणतात आधी तो काढ मग जगात कुठेही जाशील. खरंय का?

कुठेही जाशील हे युरोपपुरतं खरं, म्हणजे वरच्या पुणेकराला स्पेनसाठी जो व्हिसाचा खटाटोप करायचाय तो तुला लागणार नाही. पण कोरियासाठी मात्र थांब, तिथे उलटं आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

कोरियात इंग्रजी शिकवायचा व्हिसा ई-२. तो मुळात त्याच सात देशांच्या पासपोर्टवाल्यांना मिळतो, पोर्तुगाल त्यात नाही. पण भारत आणि कोरिया यांच्यात सेपा नावाचा व्यापार करार आहे, १ जानेवारी २०१० पासून लागू, आणि त्यात भारतीयांसाठी एक छोटीशी खिडकी ठेवलीय. इंग्रजी विषयाची डिग्री आणि इंग्रजी शिकवायची शिक्षक पात्रता असेल तर भारतीय माणूस तिथल्या शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाऊ शकतो. खाजगी क्लासेस, ज्यांना हागवॉन म्हणतात, तिथे नाही, शाळेतच. तू बीए इंग्लिश, बीएड, चार वर्षं अनुभव, म्हणजे ती खिडकी जणू तुझं माप घेऊनच कापलीय. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंस की भारतीय जातं, आणि त्याबरोबर ही खिडकीही बंद. घरच्यांना हे चहाच्या वेळी नीट समजावून सांग, गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टविरुद्ध बोलणं म्हणजे किती कठीण ते माहीत आहे मला.

तिथल्या सरकारी प्रोग्रॅमचं नाव एपिक, १९९५ पासून चालू आहे. आठवड्याला २२ तास शिकवायचं, राहायला घर देतात, कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी वेगवेगळी भरती होते. अर्ज करताना सेपाचा उल्लेख पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात कर, कारण भारतीय पासपोर्ट बघून भरतीवाले परस्पर नाही म्हणून टाकतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना हे कलमच माहीत नसतं.

कागदांना आत्तापासून लाग. डिग्रीवर आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशात धरलं जावं म्हणून मारलेला शिक्का. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसातून, त्याची फी पाचशे रुपये, आणि त्यालाही अपोस्टिल. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे पन्नास रुपये आहे, बाकी जे काय हजार-दोन हजार सांगतात ते धावपळीचे. मेडिकल होतं, त्यात ड्रग टेस्टही असते. यात दोन-तीन महिने सहज जातात, त्यामुळे सिलेक्शन झाल्यावर बघू म्हणणारे तिथेच अडकतात.

नमस्कार मॅडम. मी साताऱ्याकडे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, वय ३३, नऊ वर्षं नोकरी. नोकरी सोडायची नाही. आमच्यासारख्याला परदेशात काही संधी आहे का की हे सगळं पोरासोरांसाठीच आहे?

सर, तुमच्यासाठी आहे, आणि खरं सांगू का, मला तुमचं पत्र सगळ्यात आवडलं. तुम्हाला तिकडे जाऊन शिकवण्यापेक्षा तिकडे जाऊन शिकून परत येण्याचे प्रोग्रॅम जास्त बसतील.

पहिला जपान सरकारचा, मेक्स्टची, म्हणजे त्यांच्या शिक्षण मंत्रालयाची, टीचर ट्रेनिंग स्कॉलरशिप. प्राथमिक-माध्यमिक शाळेत पाच वर्षं शिकवलेले, वय ३५च्या आत. दीड वर्ष जपानी युनिव्हर्सिटीत, सुरुवातीचे महिने जपानी भाषा आणि मग शिक्षणशास्त्रातला तुमचा विषय, त्यांच्या शाळा आतून बघायला मिळतात. फी नाही, विमान त्यांचं, महिन्याला स्टायपेंड. तुम्ही ३३चे आहात म्हणजे तुमच्या हातात एक, फार तर दोन वेळा आहेत, तेव्हा हे पुढच्या वर्षी बघू या यादीत टाकू नका. मुलं बेंचवरून उठून स्वतःचा वर्ग झाडतात, स्वतः जेवण वाढतात, हे आपल्याला नवीन नाही, आपल्याही झेडपी शाळेत मुलं सडा-सारवण करायची. तिथे त्याला अभ्यासक्रमात जागा आहे, ते कसं बसवलंय ते बघण्यासारखं आहे.

दुसरा फुलब्राइटचा टीईए, माध्यमिक शिक्षकांसाठी, सहा आठवडे अमेरिकेत. तुम्ही वरचे वर्ग घेत असाल तर, चौथीपर्यंतचे घेत असाल तर नाही. जाहिरात दर वर्षी नव्याने येते, त्या वर्षीच्या अटी वाचूनच भरायचं.

खरी लढाई इथे आहे, ना हरकत प्रमाणपत्राची. अर्ज केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषद असा वर चढतो आणि कुठल्याही टेबलावर झोपू शकतो. अध्ययन रजेचा विषय त्याच वेळी काढा, निवड झाल्यावर काढला तर तारखा जुळत नाहीत. प्रत्येक टेबलावर पोच घ्या. हे मी तुम्हाला काय सांगायचं म्हणा, नऊ वर्षांत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पोच घेतल्या असतील.

उरलेले प्रश्न भराभर

१२० तासांचं टेफल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट ऑनलाइन दीड हजारात मिळतंय, घेऊ का, असं सात जणांनी विचारलंय. वर लिहिलेल्या सरकारी प्रोग्रॅमना त्याची सक्ती नाही, अर्जात थोडं वजन येतं इतकंच. दीड हजार गेले तर गेले म्हणून घ्यायचं असेल तर घ्या, पण त्याने कोणी शिक्षक होत नाही. हा धंदा पुढे करायचाच असेल तर पैसे साठवून सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करा, त्यात १२० तासांबरोबर खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी तुमच्या चुका लिहीत असतं. महाग आहे, लाखाच्या घरात जातं. मागे बसून लिहिणाऱ्याचेच पैसे असतात ते.

न्यू जर्सीहून एक आई विचारतात, मुलगी तिथेच जन्मली, अमेरिकन पासपोर्ट, कॉलेज संपतंय, तिला यातलं काय चालेल. ताई, सगळंच. जेट, एपिक, स्पेन, फ्रान्स, आणि अमेरिकन नागरिकांसाठी फुलब्राइटचा वेगळा इंग्लिश टीचिंग असिस्टंट प्रोग्रॅमही आहे. सांगलीच्या पोरीचं पत्र वाचून मग हे वाचताना मला कसंतरीच झालं, पण त्यात तुमच्या मुलीचा काय दोष. फक्त तिला सांगून ठेवा की पासपोर्ट निळा असला तरी चेहरा आपला आहे, आणि तू खरी कुठली हा प्रश्न तिला तिथेही विचारणार आहेत, बहुतेक वेळा भाबडेपणाने. उत्तर तयार असलेलं बरं.

डोंबिवलीची एक मुलगी विचारते, ताई मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही, जपानमध्ये उपाशी मरेन का. मरणार नाहीस पण पहिले तीन महिने वैतागशील. मांस नाही म्हणालीस तरी मिसो सूपमध्ये माशाचं दाशी, म्हणजे रस्सा असतो, भाजीवर बोनिटो माशाचे पापुद्रे भुरभुरवलेले असतात आणि देणाऱ्याच्या मते ते मासे नव्हेतच, चव आहे. शाळेचं जेवण सगळ्यांना एकच येतं. मी मुख्याध्यापकांना विचारून डबा न्यायला लागले, थालीपीठ बघून चौथीची पोरं विचारायची, हा पिझ्झा का, आणि मग अर्धं थालीपीठ त्यांच्यातच जायचं. भाजणी आणि मेतकूट भरपूर ने, डाळी-मसाले तिथे ऑनलाइन मिळतात पण मेतकूट नाही मिळत. आणि पुड्या घरच्या असल्या तरी त्यावर इंग्रजीत लेबल चिकटव, पिवळी पावडर बघून कस्टमवाल्याने माझी बॅग पूर्ण रिकामी केली होती आणि मला तेव्हा मेतकुटाला जपानीत काय म्हणतात ते येत नव्हतं. अजूनही येत नाही.